रक्तातला आकडा समजावून सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

स्तनाच्या कर्करोगावरील उपचार संपून चार वर्षे झाली असताना, काहीही त्रास नसताना, केवळ सवलतीत मिळते म्हणून मी एका तपासणी केंद्राचे ‘पॅकेज’ घेतले आणि त्यात सीए १५-३ हा ट्यूमर मार्कर (कर्करोगात रक्तात वाढू शकणारा घटक) ४३ निघाला. अहवालात वरची मर्यादा ३० होती. आकड्यासमोर ठळक खूण होती, स्पष्टीकरणाची मात्र एक ओळही नव्हती. त्या रात्री मी मनातल्या मनात दागिन्यांची वाटणीसुद्धा उरकली होती.

दुसऱ्या दिवशी बाहेर रुग्ण ताटकळत असूनही आपण मला समोर बसवून सांगितलेत की, हा मार्कर म्हणजे एमयूसी-१ या प्रथिनाचा रक्तात उतरलेला अंश असतो, ते प्रथिन निरोगी पेशींवरही असते, त्यामुळे यकृताच्या विकारातही आकडा चढतो आणि उलट आजार परतूनही तो कधी मर्यादेतच राहतो. पसरलेल्या आजारात, स्कॅनच्या जोडीने, औषध लागू पडते आहे का हे पाहायला त्याचा उपयोग होतो, पण तेथेही नव्या उपचाराच्या पहिल्या चार ते सहा आठवड्यांतली वाढ फसवी असू शकते. माझ्यासारख्या लक्षणे नसलेल्या बाईने तो उगाच करून घेऊ नये, हेही आपण न रागावता सांगितलेत.

खरे उपकार त्यापुढचे. माझे फिकट डोळे पाहून आपण हिमोग्राम आणि बी-१२ तपासलेत. तांबड्या पेशी मोठ्या झालेल्या आणि बी-१२ फारच कमी. अशा पंडुरोगातही सीए १५-३ वाढलेला आढळतो, हे मला तेव्हा प्रथम कळले. तरीही ‘म्हणजे कर्करोग नाही’ असा दिलासा आपण दिला नाहीत, तर आधी माझ्या कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवलेत. त्यांनी केलेल्या मॅमोग्राफीत आणि स्कॅनमध्ये काही निघाले नाही. बी-१२ची इंजेक्शने सुरू झाली. वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, म्हणून तीन महिन्यांनी आपल्याच सांगण्यावरून पहिल्याच केंद्रात पुन्हा रक्त दिले. आकडा २४ आला.

आपण मागितलेल्या दोन्ही अहवालांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. बी-१२च्या गोळ्या न चुकता चालू आहेत. ‘पॅकेज’चे फोन अजून येतात, ते मी घेत नाही.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण