ताई, आधी खोली रिकामी कर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आई-बाबांनाही नमस्कार सांग.

तुझे फोटो मिळाले. दिवाणखान्याच्या चार कोपऱ्यांचे चार आणि मधल्या ढिगाचा एक. तुला बोहेमियन, म्हणजे ठिकठिकाणच्या रंगीबेरंगी, जुन्या-नव्या वस्तू मिसळून केलेली सजावट करायचीय, आणि खाली तुझी एकच ओळ: ‘हे बोहेमियन दिसतंय की नुसता पसारा?’ फोनवर उत्तर दिलं असतं, पण तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. आता गुमान शेवटपर्यंत वाच.

पसारा दिसतोय.

रागावू नकोस. मला ते लगेच ओळखता आलं, कारण दोन वर्षांपूर्वी माझी खोली हुबेहूब अशीच होती. इथला पहिला हिवाळा, दुपारी चारलाच अंधार, आणि भाड्याच्या घराच्या चारही भिंती इस्पितळासारख्या पांढऱ्या. मी रंगाला इतकी आसुसले होते की जुन्या सामानाच्या बाजारात नक्षी दिसली की उचल, झालर दिसली की उचल, असं सुरू केलं. किलीम (बिनलवीचा विणलेला गालिचा), भरतकामाचा पडदा, पितळी दिवा, मोराच्या पिसाऱ्यासारख्या पाठीची वेताची खुर्ची, भिंतीवर मॅक्रमेचं, म्हणजे दोऱ्यांच्या गाठी मारून केलेलं, लटकन. सगळं मनासारखं लावून झाल्यावर एका मैत्रिणीला घर बघायला बोलावलं. ती बसली, चहूकडे नजर फिरवली आणि आपुलकीनं म्हणाली, “सामान लावायला मदत हवी असेल तर रविवारी येते.”

त्या रात्री मी खोली रिकामी केली. अगदी दिव्यासकट. मग रोज एकच वस्तू आत आणायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात बघायची, असा नेम धरला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आलं की वस्तू एकूणएक चांगल्या होत्या, पण त्यांचं आपसात बोलणंच नव्हतं. किलीममधला विटकरी लाल खोलीत दुसरीकडे कुठेच नव्हता. पडद्यातला निळा एकटाच. म्हणजे दहा पाहुणे, आणि कुणाचीच कुणाशी ओळख नाही.

रंगांच्या शेजाराची एक गोष्ट मला फार आवडते. पॅरिसच्या गोबेलाँ या भिंतपट विणणाऱ्या कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. तक्रार आली की निळ्या-जांभळ्या कापडाच्या छटांमध्ये वापरायचा काळा रंग फिका पडतो. त्यांनी काळा तपासला तर रंगात खोट नव्हती. खोट शेजाराची होती: निळ्याला लागून बसल्यामुळे डोळ्याला काळा मेलेला दिसत होता. त्यावर त्यांनी १८३९ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. सार एवढंच की रंग एकटा कधीच दिसत नाही, बाजूच्याला धरूनच दिसतो. तुझी मोहरी रंगाची उशी कळकट वाटते ना? उशी बिचारी ठीक आहे. तिच्यामागचा तो पिवळसर सोफा तिला गिळतोय. तीच उशी गडद निळ्या चादरीवर ठेवून बघ.

म्हणून माझा पहिला सल्ला: जी वस्तू काही झालं तरी सोडणार नाहीस अशी एक निवड. शक्यतो गालिचा किंवा मोठं कापड, कारण त्यात चार-पाच रंग आधीच नांदत असतात. त्यातले तीन उचल. त्यांपैकी एक खोलीत तीन ठिकाणी तरी दिसला पाहिजे, लहान-मोठ्या मापात आणि वेगवेगळ्या उंचीवर: गालिच्यात, उशीच्या काठात, वर चित्राच्या चौकटीत. एवढं सांभाळलंस की बाकी नक्ष्या खुशाल भांडू देत. फुलं, पट्टे, कोयरी सगळं एकत्र चालतं. फक्त एक नक्षी मोठी, एक मध्यम, एक बारीक असू दे. सगळ्या एकाच मापाच्या असल्या की डोळ्याला बसायला जागा मिळत नाही. आणि एक भिंत, निदान अर्धी, मोकळी सोड. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत जड गेली.

भिंतीचा रंग नमुन्याच्या छोट्या पट्टीवरून ठरवू नकोस. पट्टीवर गोड वाटणारा रंग अख्ख्या भिंतीवर चढला की अंगावर येतो. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मार, पूर्ण वाळू दे आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी, दिव्याखाली वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघ. दिव्याचं तर आधी बघ. तुझ्या फोटोत छतावरची ती निळसर पांढरी नळी सगळ्या उबदार रंगांचा जीव घेतेय. खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो: २७०० म्हणजे पिवळसर ऊब, ६५०० म्हणजे निळसर. २७०० चे दोन-तीन छोटे दिवे खाली, कोपऱ्यांत ठेव आणि संध्याकाळी वरची नळी बंद कर. माझ्या खोलीत सर्वांत मोठा फरक कशानं पडला असेल तर यानं. एवढं सामान जमवायच्या आधी हे केलं असतं तर निम्मं आणलंही नसतं.

आईनं विचारलंय ना, की बोहेमियन म्हणजे नेमकं काय? तिला सांग, बोहेमिया हा आजच्या चेक देशातला प्रांत. रोमा भटके लोक तिथून आले असं समजून फ्रेंच त्यांना ‘बोहेमियन’ म्हणू लागले. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या कफल्लक चित्रकार-लेखकांना तेच नाव चिकटलं. समजूत चुकीचीच होती. रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघालेले. त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’ आणि काळ्याला ‘कालो’ म्हणतात. हे वाचलं तेव्हा मी घरात एकटीच मोठ्यानं हसले. आणि हो, त्या कफल्लक मंडळींचं घर रंगीबेरंगी असायचं ते हौसेइतकंच नाइलाजानं. मिळेल ते वापरायचं, फाटलं तर झाकायचं. त्यामुळे एकाच दिवशी एकाच ठिकाणाहून आणलेला ‘बोहो संच’ बघितला की मला कसंसंच होतं. तुझ्या ढिगात तसा एक आहे. कुठला, ते तुला माहीत आहे.

भाड्याच्या घरात काय करणार, असं म्हणू नकोस. इंग्लंडात ससेक्समध्ये चार्ल्स्टन नावाचं शेतघर आहे. १९१६ साली व्हनेसा बेल आणि डंकन ग्रँट हे चित्रकार तिथे भाडेकरू म्हणून राहायला गेले आणि त्यांनी दारं, शेकोटी, टेबलं, कपाटं, जिथे ब्रश पोचेल तिथे चित्रं काढली. आज ते घर लोक मुद्दाम बघायला जातात. माझा घरमालक इतका रसिक नाही. त्यामुळे मी भिंतीला हात न लावता फक्त एक जुनं कपाट रंगवलं, बाहेरून राखी हिरवं आणि आतून विटकरी. दार उघडलं की दरवेळी जीव सुखावतो.

आता जुन्या लाकडाबद्दल. ‘व्हिंटेज’ हा शब्द मुळात द्राक्षांच्या हंगामाचा. वस्तूंच्या बाबतीत साधारण वीस वर्षांच्या पुढे व्हिंटेज आणि शंभराच्या पुढे अँटिक, अशी रूढी आहे. विकणारा काहीही सांगेल, तू खण पूर्ण बाहेर काढून उलटा कर. खरं वय मागच्या बाजूला असतं. मूळच्या जागी फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले तर ती वस्तू १९३० च्या आधीची नाही, कारण ते स्क्रू त्या दशकातच बाजारात आले. लाकडाला बारीक भोकं असतील आणि खाली ताजा भुगा पडत असेल तर किडा अजून आत आहे, घेऊ नकोस. गादीच्या खुर्चीच्या शिवणी टॉर्च लावून बघ, ढेकूण तिथेच दडतात. आणि जुना रंग कोरडा खरवडायचा नाही, कितीही मोह झाला तरी. जुन्या रंगांत शिसं असायचं. अमेरिकेत घरगुती रंगांतून ते १९७८ मध्ये बंद झालं, कित्येक देशांत आणखी उशिरा. घरात लहान मूल आहे, म्हणून दोनदा लिहिते: खरवडायचा नाही.

मला मिळालेली सगळ्यात गुणी वस्तू म्हणजे वाफेवर वाकवलेल्या लाकडाची एक साधी खुर्ची. व्हिएन्नाच्या थोनेट या फर्निचर बनवणाऱ्यानं १८५९ मध्ये जी १४ नंबरची खुर्ची काढली, तिच्या वळणाची. मूळ खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यात उभी राहायची. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावायच्या. माझी नक्कलच आहे, बैठकीचा वेतही तुटलेला होता. वेत भिजत घालून मी स्वतः विणला. वाकडा झालाय. कुणी बसलं की मी तोंडाकडे बघत राहते.

कापडाच्या बाबतीत मात्र माझ्या चुकीतून शीक. तो भरतकामाचा पडदा म्हणजे सुझानी, मध्य आशियातला. फारसीत ‘सोझन’ म्हणजे सुई. कापडाच्या पट्ट्या वेगवेगळ्या बायका भरतात आणि मग त्या जोडतात, त्यामुळे जोडावर फूल अर्धं इकडे आणि अर्धं जरासं खाली, असं सरकलेलं असतं. मी आधी तो दोष समजले होते, आता पाहुण्यांना मुद्दाम तोच जोड दाखवते. तर या पडद्यावर चहाचा डाग पडला आणि शहाणपणानं मी तो अख्खा बादलीत बुडवला. लाल रंग सुटला आणि एक पांढरं फूल कायमचं गुलाबी झालं. धुण्याआधी पांढरा ओला रुमाल प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरायचा. रुमालाला रंग लागला तर ते कापड पाण्यात घालायचंच नाही. आणि जुनं कापड थेट उन्हाच्या खिडकीत टांगू नकोस, विटून जाईल.

‘एवढ्या सगळ्याची धूळ कोण पुसणार?’ हा आईचा प्रश्न फोटो बघायच्या आधीच मला ऐकू आला होता. तिचं बरोबर आहे. मॅक्रमेचं लटकन मी त्याच कारणानं उतरवलं. गाठीगाठीत धूळ बसते आणि झटकलं की ती निमूटपणे किलीमवर येते.

बाबांचा बंद पडलेला रेडिओ तू फोटोत ढिगाच्या तळाशी ठेवला आहेस. तो वर काढ. त्याच्या लाकडाचा तांबूस रंग तुझ्या गालिच्याच्या काठात आहे, नीट बघ. त्यांना न विचारता पॉलिश मात्र करू नकोस.

आता एवढंच कर: खोली रिकामी कर, नळी बंद कर, गालिचा अंथर, रेडिओ ठेव आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो काढून पाठव. खिडकी कोणत्या दिशेला आहे तेही लिही. त्याशिवाय भिंतीचं मी काही सांगणार नाही.

पिल्लूला पापा.

तुझी,
धाकटी