भंगारवाल्याला थांबव, आधी हेड उतरवू

रत्नागिरी

प्रिय विन्या,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला आणि लगेच लिहायला बसलो. काकांची फियाट भंगारात द्यायचं घरात ठरत आलंय, का, तर मेकॅनिक म्हणाला, "हेड, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवरचं जाड झाकण, सडलंय, नवीन मिळत नाही." विन्या, एवढ्यात देऊ नकोस. माझ्या पद्मिनीच्या हेडलाही असंच मोडीत काढलं होतं. तेच हेड आज गाडीवर आहे.

सडतं कशामुळे, ते आधी समजून घे. आपल्या दोन्ही गाड्यांच्या १०८९ सीसीच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे खालचा मुख्य सांगाडा, बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मधून पाणी खेळतंय. आपण कोकणातले लोक रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओतत आलो. त्यातल्या क्षारांमुळे दोन धातूंमध्ये बारीक वीजप्रवाह सुरू होतो आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. तुला रेडिएटरचं झाकण उघडल्यावर दिसला तो तांबडा चिखल बिडाच्या गंजाचा. हेडचं दुखणं हेड उतरवल्याशिवाय कळत नाही.

माझं उतरवलं तेव्हा पाण्याच्या भोकांभोवती पांढरट भुकटी धरली होती. नखाने खरवडली तर सुटून आली आणि खाली धातू मधाच्या पोळ्यासारखा पोखरलेला. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरांच्या मधल्या जागेत तर खड्डा गॅस्केटच्या (हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ पत्र्याच्या) कड्यापर्यंत पोचला होता. पाणी तिथूनच सिलिंडरमध्ये जात होतं.

असं हेड घेऊन मी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेलो. ओतकाम आणि लेथची इतकी वर्कशॉप एका जागी असल्यावर ॲल्युमिनियमची नस ओळखणारा माणूस भेटतोच. तिथल्या मिस्त्रींनी पहिलं काय केलं असेल, तर हेड कॉस्टिक सोड्याच्या टाकीपासून लांब ठेवलं. बिडाचा ब्लॉक कॉस्टिकमध्ये उकळून स्वच्छ निघतो, ॲल्युमिनियम मात्र त्यात विरघळायला लागतं. हे तुझ्या मेकॅनिकला दोनदा सांग. मग त्यांनी हॅंड ग्राइंडरने प्रत्येक खड्डा चकचकीत धातू लागेपर्यंत कोरून काढला. खड्डा दुप्पट झालेला बघून माझ्या पोटात गोळा आला, पण सडका भाग ठेवून वर भरलेलं टिकत नाही. एपॉक्सीची पुट्टी लावून बुजवायचा सल्ला तुला कोणी देईल, ऐकू नकोस.

हेड गरम करून आर्गन वेल्डिंगने भरलं, तेही एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या, करंटवर. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांच्याही पुढे. एसी करंट तो पापुद्रा फोडत जातो. जुन्या हेडने वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं असतं, त्यामुळे पहिल्या थरात काळे डाग वर आले. ते कोरून पुन्हा भरलं. मिस्त्रींनी घाई केली नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं.

नंतर फेसिंग, म्हणजे हेडचा खालचा पृष्ठभाग घासून सपाट करणं. जरुरीपुरतंच घासायचं, नाहीतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, वाढून इंजिन खडखडतं. सरळ पट्टी लावली की तिच्याखाली ०.०५ मिलिमीटरचा फीलर (फट मोजायची पातळ पाती) जाता कामा नये. शेवटी भोकं बंद करून हेड पाण्यात बुडवायचं आणि हवेचा दाब द्यायचा. बुडबुडे आले तर पुन्हा वेल्डिंग. हे तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

ब्लॉकचे कोअर प्लग, म्हणजे पाण्याच्या वाटांवरच्या पत्र्याच्या टिकल्या, सगळे नवे बसव, आतून सडलेलेच असणार. गंजलेले ब्रॅकेट आणि पुल्या फेकू नकोस, त्यांचा गंज विजेने काढता येतो. प्लॅस्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा घाल, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह जुन्या लोखंडी पट्टीला. पट्टी स्टेनलेसची नको, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. टब उघड्यावर ठेव, हायड्रोजन निघतो. आणि ॲल्युमिनियमचं काही त्यात टाकू नकोस.

गाडी सुरू झाली की विहिरीचं पाणी कायमचं बंद. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट कशाला, असं लोक म्हणतात. त्यातली गंजरोधक रसायनं आपल्याला हवी आहेत, आणि ती कालांतराने संपतात म्हणून ते बदलत राहायचं.

कागदांचं म्हणशील तर गाडी १९७४ ची, म्हणजे ५० वर्षं उलटली. व्हिंटेज नोंदणी होऊ शकते, पण मग रोजच्या वापराला ती चालत नाही. काकांना ती बाजारात न्यायची असेल तर साधी नोंदणीच पाच-पाच वर्षांनी वाढवत राहा.

पुढच्या महिन्यात मी अलिबागला येतोय, हेड आपण मिळून उतरवू. तोवर रोज संध्याकाळी स्टडांच्या (हेड आवळून धरणाऱ्या खिळ्यांच्या) बुडाशी पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे गंजात मुरणारं पातळ तेल, सोडत जा. कोणालाही हेड आणि ब्लॉकच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालू देऊ नकोस. ॲल्युमिनियमवर चरा पडला की आणखी घासावं लागेल. काका-काकूंना नमस्कार सांग. भंगारवाल्याने आगाऊ रक्कम दिली असेल तर आजच परत कर.

तुझा,
सदा