सरांच्या पेन्सिलीबद्दल

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पानं काल दुपारी निवांत वाचली. आधी तुझी कथा, मग तिच्यावरची सरांची पेन्सिल. परवा फोनवर म्हणालीस, "आई, यात माझं काही उरलंच नाही." तुझा आवाज इतका उतरला होता की तेव्हा मी फार बोलले नाही. म्हणून आज लिहिते आहे.

माझं आयुष्य प्रुफं तपासण्यात गेलं. समासातल्या खुणांवरून खुणा करणाऱ्याचं मन बरंच कळतं. ज्याला कथेत रस नसतो तो दोन ओळी लिहून साभार परत करतो. पानापानावर थांबून प्रश्न विचारायला वेळ लागतो गं, आणि तो वेळ सरांनी आपणहून दिलाय.

तिसरं पान बघ. आजीचं तेरावं झालं आहे, आत्या माजघरात येते आणि तांब्याच्या हंड्यापाशी थांबते. तू लिहिलं होतंस, 'आत्या अतिशय केविलवाण्या, हताश नजरेने हंड्याकडे एकटक पाहत राहिली.' सरांनी 'केविलवाण्या' आणि 'हताश' या शब्दांखाली रेघ ओढली आणि शेजारी एवढंच विचारलं, 'ती करते काय?' मग तुझ्या दुसऱ्या खर्ड्यात हे आलं: 'आत्याने हंडा फिरवला, काठावरचं नाव वाचलं आणि होता तसा ठेवून दिला.'

हे वाक्य वाचून मी पान खाली ठेवलं. सरांनी फक्त प्रश्न विचारला होता, वाक्य तुझं आहे. भांड्यांवर नावं घातलेली असतात, वाटण्या होताना बायका ती नावं वाचतात, हे तू आपल्याच घरात पाहिलेलं. नाव कोणाचं होतं ते तू सांगितलं नाहीस, तेही फार बरं केलंस. रशियन कथाकार चेखवने १८९२ साली लिडिया अविलोव्हा या लेखिकेला पत्रातून असाच सल्ला दिला होता. दुःखी माणसांबद्दल लिहिताना वाचकाला कळवळा यावा असं वाटत असेल, तर लिहिणाऱ्याने स्वतः जरा थंड राहावं, म्हणजे ते दुःख उठून दिसतं. आत्याची नजर कशी होती हे तू सांगणं थांबवलंस आणि मला ती दिसली.

तुझी भीती मात्र खोटी नाही. सरांचं ऐकता ऐकता कथा सरांची होईल, असं तुला वाटतं. तसं होऊ शकतं. तूच मला वाचायला दिलेल्या रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकाराचं झालं होतं.

त्याला आयुष्यात दोन वाटाडे भेटले. पहिला जॉन गार्डनर. १९५८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या चिको गावच्या कॉलेजात तो लेखन शिकवायचा. कार्व्हर विशीतला, लग्न झालेला, पदरात दोन मुलं, घरात लिहायला जागा नाही. गार्डनरने त्याला आपल्या ऑफिसची किल्ली देऊन टाकली, शनिवार-रविवारी तिथे बसून लिही म्हणून. त्याच्या कथा गार्डनर ओळ न् ओळ तपासायचा. काही शब्द थेट खोडायचा, त्यावर चर्चा नाही. काही शब्दांना आणि वाक्यांना नुसता कंस घालायचा. कंसातलं दोघांनी बोलून ठरवायचं. मला हा कंस फार आवडतो.

दुसरा गॉर्डन लिश, नॉफ प्रकाशनाचा संपादक. कार्व्हरच्या एका संग्रहातला निम्म्याहून अधिक मजकूर त्याने कापला. जुलै १९८० मध्ये कार्व्हरने त्याला पत्र लिहून पुस्तक थांबवा म्हणून अक्षरशः विनवलं. पुस्तक १९८१ मध्ये निघालंच, कापलेल्या रूपात, आणि गाजलंही. त्यात मुलाच्या वाढदिवसाच्या केकची कथा आहे. मुलाला गाडीची धडक बसते, तो दवाखान्यात, आणि केक न्यायला कोणी आलं नाही म्हणून बेकरीवाला घरी फोन करत राहतो. लिशने कथा फोनपाशीच तोडली. कार्व्हरच्या मूळ कथेत मुलगा जातो, आईबाप रात्री संतापून बेकरीत पोचतात आणि तो माणूस त्यांना बसवून गरम पाव खायला घालतो. १९८३ च्या संग्रहात कार्व्हरने ती कथा पुन्हा मुळासारखी लांब करून घातली. कापलेल्या कथा चांगल्या म्हणणारे जाणते वाचकही आहेत. मला पाव हवा. तो पाव लिहिण्यासाठीच कार्व्हरने ती कथा लिहिली असणार, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडेही 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून, सूचना करून कथा पुन्हा लिहायला लावत. केवढे लेखक त्यातून घडले! आणि त्याच अभिरुचीचा काच वाटला म्हणून १९६९ साली तरुण लेखकांनी 'सत्यकथे'च्या अंकाची जाहीर होळीही केली. मला दोन्ही बाजू समजतात.

तुझे सर मला गार्डनरच्या जातीचे दिसतात. त्यांनी तुझ्या पानांवर एकही वाक्य स्वतः लिहिलेलं नाही, फक्त शेवटच्या पानावर एक सूचना केली आहे. म्हणून एक धरून चाल. वाचताना सर जिथे अडखळले ती जागा खरी मान, तिथे काहीतरी राहिलंय किंवा जास्त झालंय. तिथे काय करायचं ते मात्र तू ठरव. त्यांचा उपाय त्यांच्या लेखनातून आलेला असतो, तुझ्या कथेला तो लागू पडेलच असं नाही.

आणि टिपणं हातात पडली की लगेच फोन करून खुलासे देऊ नकोस. 'सर, तिथे मला असं म्हणायचं होतं,' हे जे तोंडी सांगावंसं वाटतं ना, ते बहुधा कथेत आलेलंच नसतं. ते वहीत लिहून ठेव आणि मग कथा पुन्हा वाच. जुना खर्डा पुसू नकोस, प्रत्येक खर्ड्याची वेगळी फाईल कर. बाकी मैत्रिणींना सध्या पाठवू नकोस. पाच जणींची पाच मतं आली की तुझं तुलाच ऐकू येणार नाही. दिवाळी अंकाची घाई तर मुळीच नको. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी.

राहिला शेवटचा प्रसंग. आत्या हंडा न घेता निघते आणि एसटीत बसल्यावर पिशवीत तिला आजीचं तपकिरीचं डबडं सापडतं. सर म्हणतात, कथा माजघरातच संपली, हे पान काढून टाक. माझ्या मते ते पान राहावं. मी तुझी आई आहे, माझं मत बाजूला ठेव. पण तुलाही ते हवं असेल तर सरांना नुसतं 'मला ते आवडतं' असं कळवू नकोस. ते डबडं पिशवीत कोणी घातलं, आणि ते सापडल्यामुळे हंड्याच्या प्रसंगाचा अर्थ कसा बदलतो, हे चार ओळींत लिहून दे. चार ओळी जमल्या तर पान ठेव. नाही जमल्या तर काढ, आणि तिसरा खर्डा माझ्याआधी सरांना पाठव.

तुझी,
आई