पान २ वरची पाणीपातळी कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'स्क्रीनचा उपवास' करा असे सुचवणारा लेख वाचला. काल रात्री पुन्हा वाचला. लेखकाचा हेतू चांगला आहे, झोपेबद्दल त्यांनी लिहिले तेही पटले. पण 'बातम्यांचे व्यसन' हा शब्द मला लागला. सांगलीत, तेही भर पावसाळ्यात, हा शब्द छापण्याआधी कुणीतरी थांबायला हवे होते.

माझे मारुती चौकाजवळ किराणा दुकान आहे. लेख वाचून झाल्यावर मी फोनमधली नोंद काढून बघितली. शनिवारी ६३ वेळा फोन उघडलेला, त्यातला वीसेक वेळा रात्री अकरानंतर. आकडा बघून वाईट वाटले, खोटे कशाला सांगू. मग नेमके काय बघितले ते आठवून वहीत लिहून काढले. कोयना धरणातून विसर्ग किती, वारणेतून किती, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी काय, इथे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट. परत कोयना. परत आयर्विन. मध्ये मुलाचा एक फोन, एका लग्नाचे चार फोटो. संपले.

इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २००५ ला पाणी ५३ फुटांवर गेले होते. तेव्हा दुकानात ते जिथवर चढले, तिथे वडिलांनी भिंतीवर खिळा ठोकून ठेवला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी त्या खिळ्यावर विसंबलो. त्याच्या वर हातभर फळी मारून सगळा माल चढवला आणि निर्धास्त झालो. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. ओसरल्यावर शटर वर केले तेव्हा साखरेच्या पोत्यांत साखर नव्हती, नुसती ओली बारदाने लोंबत होती. हरभराडाळ फुगून पोती उसवली होती. तो आंबूस वास दिवाळीपर्यंत गेला नाही. दोन हमाल घेऊन दुकान रिकामे करायला मला चार तास लागतात. त्या चार तासांसाठी मी रात्री फोन बघतो.

आता माझी चूक. दोन वर्षांपूर्वी जुलैत, पाणी अजून चाळिसाच्या आत असताना, रात्री दीडला एका ग्रुपवर संदेश आला : 'कोयनेचे सहाही दरवाजे दहा फुटांवर, पहाटेपर्यंत पाणी मारुती चौकात, सर्वांना कळवा.' मी कळवले. तीन ग्रुपांवर, पूर्ण न वाचता. आमच्या शेजारच्या काकू ७४ वर्षांच्या, एकट्या राहतात. त्यांनी तो वाचला, कुणाला उठवले नाही आणि गव्हाचा डबा माडीवर न्यायला निघाल्या. सातव्या पायरीवर पाय घसरला. आवाज ऐकून आम्ही धावलो तर काकू जिन्याखाली, अंगावर गहू सांडलेले, उजवे मनगट मोडलेले. पहाटे दवाखान्याच्या बाकावर बसून मी तो संदेश नीट वाचला. त्यात 'आज मंगळवार' लिहिले होते. तो दिवस गुरुवार होता. संदेश २०१९ चा होता.

त्या दिवसापासून मी पुढे काही पाठवत नाही, आणि आलेल्या कशावर विश्वासही बसत नाही. म्हणून एकच आकडा चार ठिकाणी पडताळतो. ६३ वेळांतले निम्मे हे आहेत. माझ्या लेखी हा धसका आहे, आणि तो उपवासाने जाणार नाही.

तो कशाने कमी होत होता ते सांगतो. आपल्या अंकात पान २ वर डाव्या कोपऱ्यात एक लहान चौकट असायची. धरणातला साठा, विसर्ग, आयर्विनची पातळी, आणि खाली मोजल्याची वेळ. सकाळी साडेसहाला चहाबरोबर ती बघितली की दुपारपर्यंत मी फोनला हात लावत नसे. आकडा आदल्या संध्याकाळचा असला तरी चालायचे, कारण छापलेल्या आकड्याच्या डोक्यावर तारीख असते. तो कुणी तीन वर्षांनी रात्री दीडला पुढे ढकलू शकत नाही. गेल्या महिन्यापासून ती चौकट कधी पान ५ वर, कधी ९ वर, तर कधी नाहीच. तिच्या जागी सदनिकांची जाहिरात आहे. पहिले पान तर आठवड्यातून तीनदा जाहिरातीतच गुंडाळलेले येते. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही हे व्यापारी म्हणून मला कळते. पण चौकटीला जागा लागते तीन बोटांची.

आणखी एक. आपल्याच ॲपवर परवा सूचना आली : 'आयर्विनची पातळी किती? सांगलीकरांची चिंता वाढली'. आकडा सूचनेतच का देत नाही? उघडायचे, दोन जाहिराती बंद करायच्या, चार परिच्छेद खाली जायचे, तेव्हा कळते ३१ फूट. अशा सूचना शनिवारी पाच आल्या. माझ्या ६३ मधले हे पाच तुमचे आहेत. ते लेखकांच्या नजरेस आणून द्यावे ही विनंती.

काकूंचे मनगट जुळले, पण पिठाचा डबा अजून त्यांना उचलत नाही. सकाळी त्यांना दूध द्यायला जातो तेव्हा दारातूनच विचारतात, 'आज किती फूट रे?' पूर्वी मी घडी केलेला अंक उघडून सांगायचो. गेल्या मंगळवारी सगळी पाने उलटली, सापडले नाही. शेवटी त्यांच्यासमोर फोन काढला. त्या म्हणाल्या, 'फोनमधलं नको सांगू.'

आपला,
एक वाचक, मारुती चौक, सांगली