कॅगचे अहवाल शेवटच्या दिवशी नकोत, आणि आक्षेपांचं पुढे काय झालं तेही दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विधिमंडळाचं अधिवेशन गुंडाळायच्या दिवशी कॅगचे, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे, अहवाल सभागृहात ठेवायचे, ही आपल्याकडे आता जवळपास प्रथाच पडून गेलीय. आमदारांच्या हातात जाडजूड पुस्तकं पडतात, थोड्या वेळात राष्ट्रगीत होतं आणि सगळे आपापल्या मतदारसंघाची गाडी धरतात. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन-चार मोठे आकडे येतात, टीव्हीवर एक संध्याकाळ आरडाओरडा होतो आणि विषय संपतो. ज्या सभागृहासाठी तो अहवाल लिहिलेला असतो त्याच सभागृहात त्यावर एक तासही चर्चा होत नाही, मग सांगा, एवढी तपासणी कुणासाठी केली?

मी आयुष्यभर लेखा शाखेत काम केलंय, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती या दोन्ही ठिकाणी, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि जरा सविस्तर लिहितोय, छापताना थोडं सांभाळून घ्यावं.

राज्यघटनेच्या कलम 151 प्रमाणे राज्याच्या हिशेबांचा कॅगचा अहवाल राज्यपालांकडे जातो आणि राज्यपाल तो विधिमंडळापुढे ठेवायला लावतात. पण किती दिवसांत ठेवायचा हे घटनेत लिहिलेलं नाही. सगळी पळवाट तिथंच आहे. दिल्लीत काय झालं ते आपण पाहिलंच, तिथं कॅगचे 14 अहवाल साठून राहिले, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, जानेवारी 2025 मध्ये कोर्टानं विलंबाबद्दल सरकारवर ताशेरे ओढले पण खास अधिवेशन बोलवा असा आदेश काही दिला नाही, आणि शेवटी सरकार बदललं तेव्हा फेब्रुवारी 2025 पासून ते अहवाल एकेक करून बाहेर यायला लागले. म्हणजे अहवाल लोकांनी कधी वाचायचा हे निवडणुकीच्या निकालावर ठरलं. कुठल्याही पक्षाचं सरकार असो, ही गोष्ट बरोबर नाही.

त्यात अजून एक अडचण आहे. सभागृहात मांडण्याआधी अहवाल मागायला माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर 2005 च्या कायद्याचं कलम 8(1)(c) पुढे करतात, विधिमंडळाचा विशेषाधिकार भंग होईल म्हणून. तत्त्व म्हणून ते मला मान्य आहे, लोकप्रतिनिधींचा मान पहिला. पण मग मांडायलाच उशीर करायचा आणि मांडला नाही म्हणून द्यायचा नाही, असं दोन्हीकडून दार लावून कसं चालेल? घटना मुदतीबद्दल गप्प आहे तर विधिमंडळानं स्वतःच्या नियमात ती घालावी, अहवाल हातात आल्यावर जे पहिलं अधिवेशन भरेल त्याच्या पहिल्या आठवड्यात तो मांडायचा आणि त्याच अधिवेशनात त्यावर चर्चेला एक दिवस राखून ठेवायचा. अहवालावर कॅगच्या सहीची तारीख छापलेलीच असते, त्यामुळे किती दिवस तो कुठं पडून होता हे लपत नाही, फक्त कुणी विचारत नाही.

आता माझा खरा मुद्दा. अहवाल वेळेवर आला, वेबसाइटवर पडला, तरी अर्धंच काम झालं. खरी गोष्ट त्याच्या नंतर सुरू होते आणि ती कुणालाच दिसत नाही.

जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका यांचं ऑडिट स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. ऑडिट पार्टी येते, कॅशबुक, व्हाउचर, मोजमाप पुस्तिका, उपयोगिता प्रमाणपत्रं सगळं काढून बघते, शंका आली की हाफ मार्जिन देते, म्हणजे शंका लेखी विचारते, त्याचं उत्तर पटलं तर ठीक, नाही पटलं तर अहवालात आक्षेपाचा परिच्छेद पडतो. मग त्या परिच्छेदाचं अनुपालन करायचं, म्हणजे एकतर कागद दाखवायचा, नाहीतर वसुली करून चलन जोडायचं. कागदावर पद्धत एकदम चांगली आहे. पण होतं काय, तोपर्यंत ज्यानं निर्णय घेतला तो साहेब बदलून गेलेला असतो, ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात काम करत असतो, आणि परिच्छेद 'प्रलंबित' या एका शब्दाखाली वर्षानुवर्षं पुढच्या अहवालात ढकलला जातो. शेवटी तो कुणाच्या मानेवर बसतो? रिटायर होणाऱ्या ग्रामसेवकाच्या नाहीतर क्लार्कच्या. त्याची पेन्शन केस अडकते, तो जुन्या ऑफिसात व्हाउचर शोधत फिरतो, आणि मोठ्या रकमेच्या कामावर सही करणारे मात्र मोकळे. मी हे माझ्या सहकाऱ्यांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून माझं म्हणणं असं की प्रत्येक आक्षेपाशेजारी त्याचं उत्तर आणि त्याची आजची स्थिती लोकांना दिसली पाहिजे. आक्षेप म्हणजे गुन्हा नव्हे. बऱ्याच वेळा नुसती पावती लावायची राहिलेली असते, ठरावाची नक्कल जोडलेली नसते. अशा ठिकाणी उत्तर जाहीर झालं तर प्रामाणिक कर्मचाऱ्याचं नाव उलट साफ होईल. आणि जिथं खरोखर पैसे खाल्लेत तिथं उत्तराची जागा रिकामी दिसेल, ती रिकामी जागाच लोकांना पुरेसं सांगून जाईल. ऑफिसातले काही जण म्हणतात की हे सगळं उघडं केलं तर ब्लॅकमेल करणारे वाढतील. मला हे पटत नाही, ब्लॅकमेल झाकलेल्या कागदावर चालतं, सगळ्यांना दिसणाऱ्या कागदाचे पैसे कोण देणार?

हे कुठे होत नाही असंही नाही. अमेरिकेत जीएओ म्हणून संस्था आहे, 1921 ची, ती तिथल्या संसदेसाठी सरकारी खर्चाची तपासणी करते. तिच्या वेबसाइटवर अहवाल तर असतोच, शिवाय त्यातली एकेक शिफारस सरकारनं पाळली की नाही, कुठली अजून बाकी आहे हेही लिहिलेलं असतं. तिथल्या खात्यांच्या आतले जे तपासणी अधिकारी आहेत त्यांचा अहवाल जाहीर झाला की तीन दिवसांत वेबसाइटवर टाकायचा असं 2008 च्या कायद्यात आहे, आणि 2017 पासून ते सगळे एकाच साइटवर शोधता येतात. आपल्याकडेही पंचायतींच्या ऑडिटसाठी केंद्राचं ऑडिटऑनलाइन हे पोर्टल 2020 पासून आहे, सुरुवात म्हणून चांगलंच आहे. पण माझ्या गावातल्या माणसाला त्यातून आपल्या ग्रामपंचायतीचा आक्षेप आणि त्याचं पुढचं उत्तर सरळ मराठीत वाचायला मिळतंय का, तर नाही.

खान्देशाला ह्याची गरज काय असं कुणी विचारू नये. जळगावचं घरकुल प्रकरण, म्हणजे नगरपालिकेच्या घरबांधणी योजनेतला घोटाळा, आठवा. योजना नव्वदच्या दशकातली, गुन्हा दाखल झाला फेब्रुवारी 2006 मध्ये, आणि धुळ्याच्या विशेष कोर्टानं 48 जणांना दोषी धरलं ते 31 ऑगस्ट 2019 ला. पुढे अपिलं झाली तो भाग वेगळा, पण एका शहराला आपल्या घरांच्या पैशांचं काय झालं हे कळायला एक पिढी गेली. आमच्या अमळनेर तालुक्यातलं पाडळसे धरण घ्या, पंचवीस वर्षांहून जास्त काळ झाला, अजून पूर्ण नाही, दर काही वर्षांनी सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, येते आणि किंमत वाढते. किंमत का वाढली, भूसंपादनामुळे किती, डिझाइन बदलल्यामुळे किती, नुसत्या उशिरामुळे किती, हे तपासणाऱ्यांनी काय लिहिलं आणि खात्यानं काय उत्तर दिलं हे तापीकाठच्या शेतकऱ्याला एका जागी वाचायला मिळालं पाहिजे. तो मागतोय ते पाणीच, पण हिशेब मागायचाही त्याला हक्क आहे.

जलयुक्त शिवारचंही तसंच. कॅगचा अहवाल सप्टेंबर 2020 मध्ये मांडला गेला, 9,633.75 कोटी खर्चूनही भूजल पातळीत फारसा फरक पडला नाही असं त्यात होतं. एका बाजूनं तेवढं वाक्य उचललं, दुसऱ्या बाजूनं नाकारलं, दोन-तीन महिने राजकारण झालं, पुढे डिसेंबर 2022 मध्ये योजनेचा दुसरा टप्पा मंजूर झाला. पहिल्या टप्प्यातल्या आक्षेपांमधून दुसऱ्यात काय सुधारलं? गावोगावी नाला खोलीकरणाला श्रमदान केलेल्या पोरांना हे कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. मी योजनेच्या विरोधात अजिबात नाही, काही गावात विहिरींना पाणी टिकलंय हे मी पाहिलंय, पण म्हणूनच कुठं टिकलं आणि कुठं नाही हे उघड व्हावं.

आणि विधिमंडळाच्या समित्या. लोकलेखा समिती, अंदाज समिती, पंचायत राज समिती, लोकांच्या वतीनं सरकारला जाब विचारायचं हे खरं ठिकाण. पण त्यांच्या बैठका बंद दाराआड. जिल्ह्यात समिती येणार म्हटलं की महिनाभर आधीपासून फाइली रंगवणं सुरू, रेस्ट हाउसची रंगरंगोटी, गाड्या, जेवणाचा बेत, आणि समिती गेल्यावर गावाला काहीच कळत नाही. मे 2025 मध्ये अंदाज समितीचा दौरा चालू असताना धुळ्याच्या गुलमोहर विश्रामगृहातल्या एका खोलीत पावणेदोन कोटींच्या वर रोकड सापडली, राज्यभर गाजलं, एसआयटी जाहीर झाली. पैसे कुणाचे, कशासाठी, ते तपासात ठरेल, त्यावर मी बोलणार नाही. पण माझ्यासारख्याला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण आम्ही नोकरीत असताना समितीसमोर उभं राहायचं म्हटलं की रात्री झोप लागायची नाही, एवढा त्या संस्थेचा दरारा होता. तो परत आणायचा असेल तर समितीनं कुठली कामं पाहिली, काय प्रश्न विचारले, अधिकाऱ्यांनी काय उत्तर दिलं, हे दौरा संपल्यावर महिन्याभरात जाहीर व्हावं. साक्षीच्या वेळी पत्रकारांना बसू द्यावं. जिथं खरंच गुप्तता लागते तेवढा भाग सोडा, पण शाळेच्या खोल्या आणि पाणीपुरवठ्याच्या टाक्या ह्यात गुप्त काय आहे?

भाषेचं तर विचारूच नका. मराठी प्रत मिळाली तरी ती इतकी जड असते की माझ्यासारख्या त्याच कामात हयात घातलेल्या माणसालाही वाक्य दोनदा वाचावं लागतं. प्रत्येक अहवालासोबत जिल्हावार चार पानांचा साधा सारांश काढायला फार खर्च येत नाही. नंदुरबारकडे धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर तर वाचून दाखवणाराच लागेल, तोही तिथल्या बोलीत सांगणारा. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात कलम 17 प्रमाणे ग्रामसभेनं सोशल ऑडिट करायचं, हजेरीपट जाहीर वाचायचा, असं होतं. जिथं ते मनापासून होतं तिथं अंगठा उठवणारी बाई पण उभी राहून म्हणते की ह्या आठवड्यात मी कामावर नव्हते, माझं नाव कसं? मग ग्रामपंचायतीच्या ऑडिटचे परिच्छेद ग्रामसभेत का वाचू नयेत? 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, सभा तर होतेच. वाचा, आणि मागच्या वेळच्या आक्षेपाबद्दल कुणी अहिराणीत "भाऊ, पुढे काय जयं?" (काय झालं?) विचारलं तर ग्रामसेवकानं आणि सरपंचानं तिथंच उत्तर द्यावं, ते इतिवृत्तात लिहावं.

शेवटी तुमच्याकडे एक मागणं. पुढच्या अधिवेशनात जे अहवाल येतील त्यातले जळगाव, धुळे आणि नंदुरबारचे परिच्छेद वेगळे काढून छापा, बातमी म्हणून नाही, जसेच्या तसे, साध्या मराठीत. आणि तिन्ही जिल्ह्यांच्या आमदारांना, सत्तेतले असोत की विरोधातले, प्रत्येकाला विचारा की तुमच्या मतदारसंघातल्या आक्षेपावर तुम्ही सभागृहात बोललात का. जे उत्तर येईल ते नावासकट छापा, आणि नाही आलं तर तेही छापा.

आपला नम्र,
एक निवृत्त लेखा कर्मचारी,
ता. अमळनेर, जि. जळगाव