काटा 558 वर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

गणपतीत बाबांनी पडवीत विचारलं होतं, "पेपर कसे गेले?" मी "बरे गेले" म्हणाले आणि आईबरोबर नारळ खवायला बसले. ते खोटं होतं. निकाल महिनाभर आधीच लागला होता आणि सिग्नल्सच्या पेपरात मला केटी लागली होती, म्हणजे त्या विषयात मी नापास झाले होते. 80 पैकी पास व्हायला 32 लागतात, मला 27 पडले होते. काल फेरपरीक्षेचा निकाल लागला. 51 मिळाले, केटी सुटली. म्हणून आज सगळं लिहायला बसले आहे. तुमच्यापाशी खोटं बोलले याचं मला अजून वाईट वाटतं.

हातानं करायच्या कामात मी कधी मागे पडले नाही. डिप्लोमा आणि नंतरची चार वर्षं टेस्टिंगची नोकरी यांत सोल्डरिंग, मल्टिमीटर, कार्डातला फॉल्ट शोधणं, सगळं अंगवळणी पडलं होतं. अडलं ते गणित. डिप्लोमावाले इंजिनिअरिंगच्या डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला बसतात, पहिल्या वर्षाचं गणित आमचं झालेलंच नसतं. वर्गातल्या मुलांपेक्षा बरीच मोठी, म्हणून शंका विचारायचीही लाज वाटायची. नोकरी सोडायला नको होती, असं कितीतरी रात्री मनात आलं. मग बाबा आठवायचे, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी देवरुखला तीन खेपा घातलेले. 2024 पासून आपल्यासारख्या घरातल्या मुलींची फी माफ झाली, पण तो दाखला नसता तर माझा प्रवेश अडला असता.

बाबा, गणित मला कळलं ते तुमच्या रेडिओमुळे. 1981 च्या दिवाळी बोनसातून घेतलेला तो ट्रान्झिस्टर. पुढच्याच जानेवारीत संप सुरू झाला, गिरणी सुटली, खोली सुटली, तरी तो तुम्ही गावी आणलात. संध्याकाळी आई भाकऱ्या थापत असायची आणि तुम्ही काटा हळूहळू 558 वर आणून आकाशवाणी मुंबईची 'कामगार सभा' लावायचात. लागायची खरखरतच, पण लागायची. इतक्या केंद्रांतून नेमकं तेच कसं सापडतं, हे मी लहानपणी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "शिकलीस की मलाच सांग."

तर सांगते. दिवाळीच्या सुट्टीत मी लॅमिंग्टन रोडवर गेले. दादासाहेब भडकमकर मार्ग ही पाटी आहे, पण दुकानदारही लॅमिंग्टनच म्हणतात. तिथून फेराइट रॉड (रेडिओच्या आतली अँटेना), गँग कंडेन्सर आणि आयएफटीच्या, म्हणजे रेडिओतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या, लाल, पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या टोपीच्या कॉइल आणल्या आणि तुमच्यासारखाच रेडिओ जोडला. गँग म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेले दोन कंडेन्सर. तुम्ही बटण फिरवता तेव्हा एक भाग अँटेनाला 558 किलोहर्ट्झवर आणतो आणि त्याच वेळी दुसरा भाग रेडिओच्या आतल्या ऑसिलेटरला, म्हणजे स्वतःची लहर तयार करणाऱ्या भागाला, 1013 वर नेतो. दोन्ही लहरी एकमेकींत मिसळल्या की त्यांच्यातल्या फरकाची, 455 ची, लहर तयार होते. केंद्र बदला, ऑसिलेटरही तेवढाच सरकतो, फरक 455 चाच राहतो. त्यामुळे पुढचं सगळं सर्किट त्या एकाच आकड्यासाठी बांधता येतं. आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं 1918 मध्ये ही युक्ती काढली.

त्या फरकाचं सूत्र, कॉस ए गुणिले कॉस बी, मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी पाठ केलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. लॅबमध्ये ऑसिलोस्कोपचा, म्हणजे लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा, प्रोब पिवळ्या आयएफटीला लावला आणि पडद्यावर लाट उभी राहिली. एका शिखरापासून दुसऱ्यापर्यंत 2.2 मायक्रोसेकंद. कॅल्क्युलेटरवर हजाराला 2.2 ने भागलं, 455 च्या जवळचाच आकडा आला. सूत्रातली वजाबाकी डोळ्यांसमोर चालू होती. बाबा, मला रडू आलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं विचारलं, काही जळलं का. मी म्हटलं, नाही, लागलं.

त्यानंतर सिग्नल्समधलं फूरिए, सॅम्पलिंग, जे जे भिंतीसारखं वाटत होतं, ते एकेक करून मी सर्किटावरून समजून घेतलं. आमच्या मॅडमनी केटीच्या मुलांसाठी शनिवारी दोन तास दिले, तेही मला फार उपयोगी पडले.

आई, लग्नाचं तू फोनवर हळूच काढतेस. मला राग येत नाही. अजून दीड वर्ष दे. मला रेल्वेच्या पॉवर इलेक्ट्रॉनिक्सकडे जायचं आहे. नव्या लोकल ब्रेक लावताना मोटरचाच जनरेटर करून वीज परत तारेत सोडतात. ते काम शिकायचं माझ्या मनानं घेतलं आहे. जेवण वेळेवर होतं, खोलीवरच्या मुली चांगल्या आहेत, काळजी करू नकोस.

शिमग्याला येते आहे. आवाजाचं बटण फिरवताना खरखर होते त्यासाठी स्प्रे आणते, आतला पट्टा साफ केला की बहुधा जाईल. तोवर बाबा, रेडिओ चालू नसेल तर सेल काढून ठेवा. जुन्या सेलांना पाणी सुटलं तर पत्र्या गंजतात आणि तसल्या पत्र्या आता लॅमिंग्टनलाही लवकर मिळत नाहीत.

तुमची,
शुभा