वीस हजारांची गिटार म्हणजे खेळणं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गिटार शिकू पाहणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी सल्ला छापून आला होता. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं, की आधी दोन वर्षं साधी पोकळ गिटार वाजवावी, मग इलेक्ट्रिककडे वळावं. आणि इलेक्ट्रिक घ्यायचीच तर चाळीस-पन्नास हजारांच्या खालची घेऊ नये, ते नुसतं खेळणं असतं. मला यातलं काहीच पटलं नाही, म्हणून हे पत्र. मी शिरोली एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कटाई मशिनवर काम करतो. पूर्वी गणपती आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो, तीही मालकाची. स्वतःची घ्यायची ऐपत नव्हती. आज घरात थोरल्या मुलीसाठी घेतलेली वीस हजारांच्या आतली इलेक्ट्रिक गिटार आहे. ती मुलीपेक्षा माझ्याच मांडीवर जास्त असते, अशी घरच्यांची तक्रार आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला.

स्वस्त म्हणजे कच्चं, हे समीकरण तंबोऱ्याला किंवा व्हायोलिनला कदाचित लागू पडेल. इलेक्ट्रिक गिटार मात्र पहिल्यापासूनच कारखान्याच्या हिशेबाने आखलेलं वाद्य आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर नावाचा माणूस रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. 1950 साली त्याने जी गिटार बाजारात आणली आणि 1951 पासून जी टेलिकास्टर या नावाने ओळखली जाते, ती म्हणजे एक भरीव सपाट फळी, फळीत एक खाच, खाचेत बसवलेली मान आणि मागून मारलेले चार स्क्रू. मान बिघडली तर चार स्क्रू काढा, दुसरी बसवा. कारागिराच्या पिढीजात हातावर कमीत कमी अवलंबून राहावं, असाच त्याचा बेत होता. मग आज तोच बेत अचूक मशिनवर उतरला तर माल वाईट का निघावा?

आमची गिटार घरी आली त्याच रात्री मी तारा सैल केल्या, स्क्रू काढले आणि मान सुटी केली. सौ.ने कपाळाला हात लावला. पण मला खाच बघायची होती. खाचेच्या कडा सरळ, तळ सपाट, कोपऱ्यात टूल वळल्याची खूण स्पष्ट दिसत होती. मान परत बसवली तेव्हा दोन्ही बाजूंना पोस्टकार्डसुद्धा जाईना. नव्वदच्या दशकात ऑर्केस्ट्रात हाताळलेल्या गिटारींच्या मानेशेजारी काडेपेटीची काडी मावायची, आणि त्या काही स्वस्त म्हणून घेतलेल्या नव्हत्या.

आतला विजेचा भागही असाच. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची एनॅमल तार. साधारण 42 गेजची, म्हणजे जेमतेम 0.06 मिलिमीटर जाडीची तार, आणि वेढे सात-आठ हजार. पोलादी तार चुंबकासमोर थरथरली की त्या वेढ्यांत बारीक वीज तयार होते, ती ॲम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राकडे जाते. लाकडाचा आवाजात वाटा किती, यावर वाजवणारे हमरीतुमरीवर येतात. मी त्यात पडत नाही. पण पोकळ गिटारीत लाकूड जेवढं बोलतं तेवढं भरीव फळीत बोलत नाही, हे नक्की. म्हणून पोकळ गिटारीत पैसे वाचवले की आवाज लगेच पडतो. इलेक्ट्रिकमध्ये तसं होत नाही.

बड्या कंपन्यांनाही हे फार पूर्वी कळलं. सत्तरच्या दशकात जपानी कारखाने अमेरिकन गिटारींच्या नकला इतक्या चांगल्या आणि स्वस्त करू लागले, की 1982 साली फेंडर कंपनीने जपानमध्येच भागीदारीत उत्पादन सुरू केलं आणि त्या मालासाठी स्क्वायर हे नाव वापरात आणलं. नाव जुनंच, 1965 साली फेंडरने विकत घेतलेल्या तारांच्या एका कंपनीचं. आज या किमतीतला बराचसा माल इंडोनेशिया आणि चीनमधून येतो. यामाहाची पॅसिफिका 112 घ्या: अल्डर लाकडाची बॉडी, मेपलची मान, दोन सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे) पिकअप आणि एक हंबकर (दोन वेटोळ्यांचा). नव्वदच्या दशकापासून ती जवळपास त्याच आराखड्यावर निघते आहे आणि जगभरचे शिक्षक ती नवशिक्याच्या हातात बिनदिक्कत देतात. एखादी वस्तू इतकी वर्षं त्याच घडणीची निघत राहिली की तिच्यातले दोष कारखाना एकेक करून काढत जातो. मशिनवर काम करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

एक गंमत सांगतो. 2017 मध्ये शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली, पण तोवर अनेक कंपन्यांनी स्वस्त गिटारींच्या फ्रेटबोर्डसाठी, म्हणजे मानेवर बोटं फिरतात त्या पट्टीसाठी, दुसरं लाकूड धरलं होतं. कॅटलॉगमध्ये त्याला ‘इंडियन लॉरेल’ म्हणतात. हा लॉरेल म्हणजे आपला ऐन. राधानगरीच्या बाजूला, कोकणात उतरताना मगरीच्या पाठीसारख्या सालीचे जे उंच वृक्ष दिसतात, तोच. स्क्वायरच्या कित्येक गिटारींवर आज बोटं फिरतात ती ऐनावर.

आता लेखकाच्या बाजूचंही सांगतो, कारण ‘खेळणं’ हा शब्द त्यांनी हवेतून काढलेला नसावा. स्वस्त गिटार हातात घेतल्यावर वाईट लागते, हे खरं आहे. आमचीही लागली. बी तार दाबायला जड, एफ कॉर्ड धरला की पहिल्या फ्रेटवर (मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) सूर चढा. चैत्राचं ऊन तापलं तशी मान कोरडी होऊन आकसली आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर आली. मुलीच्या तळहाताला ओरखडे उठले. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, ‘वाजवत राहा, हात बसेल.’

हात बसायचा प्रश्नच नव्हता. मशिन जिथे थांबतं तिथून पुढचं तासा-दोन तासांचं हातकाम कोणी केलेलं नव्हतं. कारखान्यात एकेका गिटारीसाठी तेवढा वेळ काढला तर किंमत वर जाते, म्हणून ते सुटतं. सुटतं एवढंच, बिघडलेलं काही नसतं.

ते काम आम्ही घरी केलं. मुलीला पहिल्या फ्रेटवर सहावी तार दाबून धरायला सांगितली. मी तीच तार मान बॉडीला मिळते तिथे दाबली. अशी दोन्ही टोकांना दाबली की तार सरळपट्टीचं काम करते. मग सातव्या फ्रेटवर, तार आणि फ्रेट यांच्यामधून फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्यातली पात सरकवली. पाव मिलिमीटरची पात अलगद जावी, त्याहून जाड जाऊ नये. इथे अर्ध्याची पात आरामात जात होती, म्हणजे मान तारांच्या ओढीने पुढे वाकली होती. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ॲलन कीने तिला घड्याळाच्या दिशेने पाव फेरा दिला, तारा परत सुरात आणल्या, रात्रभर तशीच ठेवली. सकाळी मोजलं, थोडं कमी पडत होतं, आणखी थोडा पीळ. ट्रस रॉडला घाई चालत नाही आणि जोर तर अजिबात नाही. मग बॉडीवर तारा टेकतात त्या ब्रिजवरच्या बारीक स्क्रूंनी बाराव्या फ्रेटवरची तारेची उंची पावणेदोन मिलिमीटरपर्यंत खाली आणली. फ्रेटबोर्डवर मास्किंग टेप लावून फ्रेटची टोकं बारीक कानशीने गोल केली. नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्यात बसतात त्या पट्टीच्या) खाचा मात्र मी पुण्यातल्या एका कारागिराकडून करून घेतल्या, कारण तिथे कानस एक घास जास्त गेली की नट बदलण्यावाचून गत्यंतर नाही. त्यानंतर ती गिटार जी लागली, ती चाळीस हजारांच्या गिटारीसारखी नव्हे, पण चांगल्या गिटारीसारखी लागली. अजूनही लागते आहे.

हे आपल्या भागातल्या माणसाला नवं वाटायचं कारण नाही. कोल्हापुराहून तासाभरावर मिरज आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तिथे सतार-तंबोऱ्याची कामं हातात घेतली. भोपळे पंढरपूरकडून येतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या कुठल्याही दुकानातून जवारी, म्हणजे घोडी घासून आणलेला झणकार, लावल्याशिवाय तंबोरा बाहेर पडत नाही. घोडी घासायची, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा घासायची. जवारी न लावलेला तंबोरा कोणी ‘खेळणं’ म्हणून टाकून देत नाही आणि ‘गात राहा, कान बसेल’ असंही गिऱ्हाइकाला सांगत नाही. मग गिटार विकणाऱ्यालाच ही सूट का?

आता ‘आधी पोकळ, मग इलेक्ट्रिक’ याबद्दल. पोकळ गिटारीला साधारण बारा गेजच्या तारा असतात, म्हणजे पहिली तार 0.012 इंचाची. इलेक्ट्रिकला नऊच्या. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या बोटांना हा फरक फार मोठा आहे. त्यातून चार-पाच हजारांच्या पोकळ गिटारीत तारा फ्रेटपासून इतक्या उंच असतात, की मूल महिन्याभरात बोटं चोळत ती कपाटावर ठेवून देतं, आणि आपण म्हणतो पोराला गोडी नाही. पोकळ गिटार वाईट असं माझं म्हणणं नाही. ज्याला तोच आवाज आवडतो त्याने तीच घ्यावी. पण इलेक्ट्रिकसाठी पात्र ठरायला आधी तिची शिक्षा भोगावी, हा नियम कुणी केला? शिवाय फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक साधी सोय आहे: ॲम्प न लावलेली इलेक्ट्रिक गिटार शेजारच्या खोलीतही नीट ऐकू जात नाही, आणि दहा वॅटच्या छोट्या ॲम्पला बहुतेक वेळा हेडफोनची जागा असते. परीक्षेच्या दिवसांत आमच्याकडे रात्री अकराला सराव चालतो, वरच्या मजल्यावरच्या आजींना पत्ता नाही.

पालकांनी एवढंच करावं. वीस हजार ठरवले असतील तर अठराची गिटार घ्यावी आणि दोन हजार सेटअपसाठी, म्हणजे वर सांगितलेल्या हातकामासाठी, राखून ठेवावेत. आणि दुकानदारांना माझी मागणी आहे, की कोल्हापूर-सांगलीत गिटार विकताना सेटअप करूनच द्यावा, हवं तर त्याचे पैसे वेगळे लावावेत, बिलावर तसं लिहावं. हजारांच्या घरातली वस्तू विकता, तर फिलर गेज आणि चार ॲलन की ठेवायला काय हरकत आहे? आज या कामासाठी आम्हाला पुण्या-मुंबईला गिटार पाठवावी लागते. ज्या मिरजेत जवारीचे कान आणि कानशीचे हात दोन्ही आहेत, तिथल्या तरुण कारागिरांनी हे काम जोडधंदा म्हणून घेतलं तर गिऱ्हाईक कमी पडणार नाही. आयटीआयमध्ये यावर छोटा अभ्यासक्रम निघाला, तर दर रविवारी शिकवायला मी येईन, मानधन नको.

आपला,
एक सीएनसी ऑपरेटर,
शिरोली, जि. कोल्हापूर
(कृपया नाव छापू नये.)

ता. क. : गणपती तोंडावर आले आहेत, म्हणून मंडळांच्या पोरांसाठी दोन ओळी. गिटारच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. तारांवर हात ठेवला की ॲम्पची घरघर थांबते ती त्यामुळेच. मंडपातल्या बोर्डला अर्थिंग नसेल आणि ॲम्प एका ठिकाणाहून, माइक दुसऱ्या ठिकाणाहून घेतला असेल, तर हात तारेवर आणि ओठ माइकला लागताच जबर झटका बसू शकतो. ॲम्प आणि मिक्सर एकाच अर्थिंग केलेल्या बोर्डवर घ्या, ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन कापू नका, आणि जनरेटर लावणाऱ्याकडून अर्थिंग आधी तपासून घ्या.